आठवडे वृत्तात बसत नाहीत

मानेवाडा, नागपूर
शुक्रवारी दुपारी तीनला सुरू केलं. संपेल तेव्हा संपेल

ट टाक् टाक्, ट टाक् टाक्, ट टाक् टाक्, ट टाक् टाक्.

जावईबापू, ओळखा पाहू हा आवाज. साठ-पासष्ट वर्षं मागं जा. सावरगावची शाळा, वर तापलेला पत्रा, खिडकीबाहेर संत्र्याची बाग, आणि गोतमारे गुरुजींची बाभळीची पट्टी टेबलावर पडते आहे. एक हळू, दोन जोरात. एक हळू, दोन जोरात. त्या तालावर आपण चाळीस पोरं आढ्याकडे बघत भुजंगप्रयात म्हणतो आहोत. अर्थ एकालाही कळत नाही, पण पाठ सगळ्यांना. (तुम्हाला तर सगळ्यांत आधी. तुमचं डोकं म्हणजे लाखेचं. ठसा उमटला की उमटला. हे कौतुक म्हणून लिहितो आहे. पुढे हेच तक्रार म्हणून लिहावं लागेल.) हल्ली दुपारी डोळा लागला की तोच आवाज येतो, आणि उठल्यावर वाटतं की आपल्या आयुष्यातलं सगळं बरं आणि सगळं वाईट त्या पट्टीपासूनच सुरू झालं. बरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. वाईट काय ते सांगण्यासाठी हे पत्र.

श्रीयुत कृष्णकांतराव यांस वामनरावाचा नमस्कार, वाकून, जितकं या कमरेला जमतं तितकं. तुम्ही माझे बालमित्र म्हणून ‘तू’, आणि धाकट्या बहिणीचे, उत्तराचे, यजमान म्हणून ‘तुम्ही’. या पत्रात मी अपराधी आहे, त्यामुळे शेवटपर्यंत ‘तुम्ही’च राहील. मधेच कुठं ‘गा’ आला तर तो सावरगावचा समजून सोडून द्यावा. तुमची शुगर कशी आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन संक्रांतीनंतर करायचं ठरलं होतं, ते झालं का? हिंगणघाटला ऊन कसं आहे? उत्तराच्या मनगटाचं प्लास्टर निघून महिना झाला असेल. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो. तुमचं पंधरा दिवसांपूर्वीचं पत्र पोचलं. त्यातला दुसरा परिच्छेद मी एकदाच वाचला, आणि पत्र घडी करून उशीखाली सारलं. त्याबद्दलही शेवटीच. आधी माझी हकिगत.

हे अक्षर कुणाचं, असं तुम्हाला वाटलं असेल. माझंच आहे, आणि उजव्या हाताचं आहे. मागल्याच्या मागल्या दसऱ्यानंतर मला तो अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात घरजावयासारखा अंगाला चिकटून बसला होता. (माफ करा. तुमच्यावर नाही.) सध्या रोज दुपारी तीन ते सहा माझा डावा, म्हणजे चांगला हात एका जाड कापडी मोज्यात बंद असतो आणि उजव्याकडून खरी कामं करून घ्यायची असतात. त्यांतलं एक काम म्हणजे खऱ्या माणसाला खरं पत्र. नुसतं ‘श्री’ ‘श्री’ गिरवलेलं चालत नाही. मोजा दातांनी सोडता येतो, पण मी भैरवीला शब्द दिला आहे, आणि सध्या माझ्या शब्दाची पत फार उतरली असल्यामुळे उरलेला जपून वापरतो.

भैरवी म्हणजे माझी ओटी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारानंतर माणसाला आंघोळ, जेवण, बटण, लिहिणं ही रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून शिकवणारी. तिच्या केंद्रावर मराठी पाटी आहे: ‘व्यवसायोपचार’. (ती पाटी वाचून गांधीबागेतला एक कापडवाला आत येऊन ‘दोन साल से धंदा मंदा है’ म्हणून बसला होता. भैरवीने त्याला चहा पाजून पाठवलं. त्याची मान आखडली होती, तेवढी जाता जाता पाहून दिली.) पोरगी बत्तिशीची, बोलायला गोड, आणि दिवसाला चाळीस पेशंट. मला ‘काकाजी’ म्हणते.

तर आठ महिने मी तिच्याकडे एक निळा रबरी चेंडू दाबत होतो. काय सांगू तुम्हाला त्या चेंडूचं सुख! ट टाक् टाक्, ट टाक् टाक्. एका श्लोकाला सोळा वेळा चेंडू दाबून होई. शाळेतल्या साऱ्या कविता मी त्या चेंडूत पिळून काढल्या. चेंडू दाबण्यात माझा हात इतका तरबेज झाला की बाकीचे पेशंट बघायला येत. सदऱ्याचं बटण मात्र लागत नसे. पुष्पलता (तुमची वहिनी, कवितेची शत्रू) म्हणायची, “चेंडू दाबता येते तुमाले, पन लसून सोलता येत नाही. आता मी काय चेंडूची भाजी करू का?” मी तिला म्हणायचो, शास्त्र आहे ते, तुला नाही कळायचं.

आता गुरुवारची बैठक. भैरवीसारखे आणखी तीन जण, त्यांतला प्रीतम कामठीहून येतो, दर गुरुवारी दोन ते तीन तिच्या केंद्रात जमतात. मला आधी वाटलं भिशी असेल. मग कळलं की हे लोक वाचन करतात! कॉलेजात दहा-बारा वर्षांपूर्वी शिकले, त्यानंतर जगात त्यांच्या विषयाचे हजारो अभ्यास छापून आले. ते इंग्रजीत, तीस-तीस पानांचे, निम्मे कुलपात, पैसे भरल्याशिवाय न उघडणारे. चाळीस पेशंट सांभाळून वाचायला कुणाला वेळ नाही. म्हणून यांनी युक्ती काढली. एका गुरुवारी एकच प्रश्न, तोही आपल्याच कुठल्यातरी पेशंटचा; त्यावरचा एकच अभ्यास; आणि फळ्यावर चार चौकोन. कोणावर केला? काय केलं? कशाशी ताडून पाहिलं? काय निघालं? आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘सोमवारी सकाळी मी काय बदलणार?’ माझी वेळ दोनला संपायची आणि ऑटोवाला तीनला यायचा, म्हणून मी कोपऱ्यात चेंडू दाबत बसून सगळं ऐकायचो. बरोबर ऐकायचो असा माझा समज होता.

आणि जावईबापू, एका गुरुवारी माझ्या चेंडूचाच प्रश्न निघाला. भैरवीने चार चौकोन भरले, खालच्या ‘सोमवारी’च्या ओळीपाशी उभी राहिली, आणि चौघांसमोर म्हणाली की नुसता चेंडू दाबून चेंडूच दाबता येतो. बटण लावायचं असेल तर हाताला बटणच द्यावं लागतं. “मी काकाजींना आठ महिने चेंडू दिला. सोमवारपासून बंद. काकाजी, माझं चुकलं.” चेंडू हातून सुटला आणि कपाटाखाली गेला. चेंडूचं दुःख तर झालंच, पण खरा धक्का पुढच्या वाक्याचा. शिकवणारं माणूस उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणतं? तुम्हाला आठवतं, गोतमारे गुरुजी एका कवितेतली एक ओळ विसरले होते? ते काही कधी बोलले नाहीत, आणि आपल्या वर्गातली जी पोरं जिवंत आहेत ती आजही ती कविता एक ओळ कमी म्हणतात. मीही. छान लागते. कमी आहे हे मला चाळिशीत कळलं, आणि तरी मी गुरुजींचीच म्हणतो.

सोमवारी माझ्यापुढं खरोखरच लसूण आला. पंचाहत्तर वर्षांच्या पुरुषापुढं लसूण! मी तीन पाकळ्या सोलायला पाऊण तास घेतला. पुष्पलतेला कळल्यावर तिने दुसऱ्या दिवशी भैरवीसाठी डबा दिला. पण खोटं कशाला बोलू, दोन महिन्यांत बटण लागलं. वरचं नाही, मधली दोन.

आता माझ्या पापाची सुरुवात. एका गुरुवारी प्रीतम चिडून म्हणाला, “वाचून तर राहिलो यार आपण, पन सोमवारी पेशंट समोर आला का डोकं कोरं! मले तर मागचा गुरुवारच आठवत नाही.” आणि मी, जावईबापू, कोपऱ्यातून उठलो. म्हणालो, मुलांनो, आमच्या सावरगावला कुणी काही विसरलं नाही, कारण आम्हाला सगळं वृत्तात दिलं होतं. मला सांगा, मी तुमचा एकेक अभ्यास श्लोकात बसवून देतो. चौघांनी टाळ्या वाजवल्या. (साठ वर्षांत पहिल्या. वीजकेंद्रातल्या स्टोअरच्या निरोपसमारंभात मी स्वतःची कविता म्हटली होती तेव्हा पंखा बंद पडला होता, त्यामुळे लोक वारा घेत होते. त्या टाळ्या नव्हत्या.) सहा श्लोक केले. भैरवी प्रत्येक तपासायची, चुकलं की खोडायची, मग चौघं एकसुरात म्हणायचे, आणि मी पट्टी मारायचो. नागपूरच्या भर दुपारी! मला वाटलं, सावरगाव आलं परत.

सातव्या वेळी भैरवी सुट्टीवर होती. त्याआधीच्या गुरुवारचा अभ्यास याच मोज्याचा. फळ्यावर अगदी स्पष्ट लिहिलं होतं, हे मला आता दिसतं: कोणावर? — झटका येऊन एक हात अधू झालेल्यांवर, आणि त्यांतही ज्यांचं मनगट नि बोटं आपली आपण थोडी तरी हलतात त्यांच्यावरच. काय? — चांगला हात ठरवून दिलेले तास मोज्यात, अधू हाताला खरी कामं, दोन आठवडे, थेरपिस्टच्या देखरेखीत. मी घरी येऊन बसलो. आणि अडलो. जावईबापू, तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच सांगा: ‘आठवडे’ हा शब्द भुजंगप्रयातात बसतो का? ‘ठ’ लघु, ‘व’ लघु, दोन लघू शेजारी-शेजारी! त्या वृत्तात दोन लघू शेजारी आले की गुरुजींची पट्टी टेबलावरून आपल्या बोटांवर यायची. मी दोन दिवस झगडलो. शेवटी आठवड्यांचे महिने केले. ‘देखरेख’ बसेना, ती सोडली. तास बसेनात, म्हणून उठल्यापासून निजेपर्यंत. आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी ‘पाही’शी जुळेल असं काही मिळेना, तेव्हा एक शब्द आपण होऊन चालत आला. पाहा:

भला हात बांधा, दुजा हात कामी,
उठोनी निजेतों असो नेम नामी;
असे मास दोनी करी जो कुणीही,
तयाच्या करी शक्ति येईच पाही!

आता मला सांगा, यात दोष आहे? वृत्ताचा एक नाही! मी तो प्रीतमला फोनवर म्हणून दाखवला, त्याने लिहून घेतला, मागं उगवता सूर्य आणि एक समई लावली नि कुठल्याशा ग्रुपवर टाकला. मीही माझ्या परीने काही लोकांना पाठवला. वीस दिवसांनी तोच श्लोक मला अमरावतीहून परत आला, ‘प्राचीन ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलेलं गुपित, किमान अकरा जणांना पाठवा’ म्हणून. मी स्वतःच्या श्लोकाला हात जोडले. वाटलं, माझी कविता शेवटी पोचली.

पोचली कुठं, ते त्याच्या पुढच्या मंगळवारी कळलं. खापरखेड्याचा बाबाराव, वीजकेंद्रात माझ्याबरोबर होता तो, शेअर ऑटोने केंद्रात उतरला. उजवा हात खांद्यापर्यंत धान्याच्या पिशवीत, वरून सुतळी. भैरवी सुट्टीवरून आली होती. तिने विचारलं, डाव्या हाताला काय झालं? बाबाराव म्हणाला, काही नाही. मग उजव्याला? काही नाही. मग? “गुडघा दुखते.” तेवीस दिवस! गुडघ्यासाठी तेवीस दिवस हात बांधून बसला होता, उठल्यापासून निजेपर्यंत. मी पुढं होऊन म्हटलं, अरे बाबाराव, हे हाताचं आहे, गुडघ्याला कशाला? तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला जातीबाहेर टाकलं. “वामनराव, श्लोकात ‘कुणीही’ लिवलं हाय नं? मंग मी कोनीच नाही का गा?” आणि वर म्हणतो, “गुडघा तसाच हाय, पन बायको जेवन भरवून राहिली. पंचेचाळीस वर्षांत पयल्यांदा.” पिशवी काढली तेव्हा खांदा इतका आखडला होता की तो कपाळाला हात लावू शकेना. मला मात्र लावता आला. डावा.

भैरवी माझ्यावर रागावली असती तर मी सहन केलं असतं; गुरुजींनी ती सवय लावून ठेवली आहे. ती नुसती खाली बसली. मग सगळ्यांना बोलावून म्हणाली, “चूक माझी आहे. श्लोक न तपासता बाहेर गेला.” पुन्हा ‘माझी’! हात माझा, लेखणी माझी, ‘कुणीही’ माझा, आणि चूक हिची! केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना कळलं होतं. त्यांनी सांगितलं, पुढच्या गुरुवारपर्यंत ज्याच्या-ज्याच्या हाती हा श्लोक तुमच्याकडून गेला त्या प्रत्येकाला गाठा, सोडायला सांगा, काय झालं ते लिहून आणा. एकही राहिला तर बैठक बंद. तो तास पेशंटला द्या. प्रीतमने ग्रुपवर दुरुस्ती टाकली. (तिच्यामागं सूर्य नव्हता, त्यामुळे ती कुणी पुढं पाठवली नाही.) आणि भैरवीने कागद घेऊन मला विचारलं, काकाजी, तुम्ही स्वतः कुणाकुणाला दिला? सांगा एकेक.

मी सोळा नावं सांगितली. प्रीतमने आणि मी चार दिवस फिरून, फोन करून सोळाच्या सोळा माणसं गाठली. चौघांनी बांधला होता, दोघांनी फक्त फ्रेम केला होता, एकाने मुलाचा बांधला होता कारण तो मोबाईल सोडत नव्हता. (तो सोडायला तयार नव्हता; म्हणाला, गुण आहे.) सतरावं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी पाणी मागितलं आणि ते पाण्याबरोबर गिळलं. भैरवीने कागदाखाली रेघ ओढली. त्या रेघेकडे बघताना मला जे झालं ते कुठल्याच वृत्तात बसणार नाही.

तुम्ही विचाराल, या पोरांच्या बैठकीचं मला एवढं का? कारण सांगतो. मी सबंध आयुष्य असं मानत आलो की जे एकदा पाठ झालं ते खरं. आणि या केंद्रात चार पोरं दर गुरुवारी, डबा खायचा वेळ मोडून, आपण जे पाठ केलं ते अजून खरं आहे का, हे तपासायला बसतात. मला पहिल्यांदा हे ऐकून धक्का बसला. आता ती बैठक माझ्या एका यमकापायी मोडेल या विचाराने बसतो. भैरवीला हा हात माझ्यापेक्षा प्रिय आहे. काल म्हणाली, वरचं बटण गुढीपाडव्यापर्यंत लागेल.

तर अशी ही हकिगत. आज सोमवार; चार दुपारी घालवून एवढं लिहून झालं. पुष्पलता भजनी मंडळात गेली आहे. उत्तराला अनेक आशीर्वाद. कळावे, आणि जमल्यास क्षमा करावी.

तुमचा,
वामन

ता. क. — उत्तराचा हात ताबडतोब सोडा. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, मला मान्य आहे. सतरावं नाव तिचं. तुमचा तो दुसरा परिच्छेद: ‘आपला श्लोक मिळाला. त्याच दिवसापासून रोज पहाटे साडेपाचला मी स्वतः हिचा डावा हात माझ्या माकडटोपीत घालून बांधतो, निजताना सोडतो. ही फार कुरकुर करते, पण श्लोक म्हणजे श्लोक.’ जावईबापू, तिला झटका आला नव्हता! ती अंगणात पाय घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं. तो अभ्यास तसल्या हातावर झालेलाच नाही. मोडलेल्या, नुकत्या सांधलेल्या मनगटावर दिवसभर सगळा भार टाकून काय होतं हे ना मला माहीत, ना तुम्हाला, ना श्लोकाला. भैरवी सांगेल. हे वाचताच तिला हिंगणघाटच्या हाडाच्या डॉक्टरकडे न्या, आणि सूज आहे का, किती दिवस, किती तास, ते तुम्ही स्वतः फोनवर कळवा. म्हणजे गुरुवारच्या आत मी ते नाव रेघेच्या खाली लिहीन.

ता. क. २ — तुम्ही म्हणाल, मग फोन का नाही केला. केला. तीनदा. तिन्ही वेळा तिनेच उचलला. ‘दादा’ एवढंच म्हणायची, आणि हा फोन तिनं कुठल्या हाताने धरला असेल या विचाराने माझं धाडस सुटायचं. पहिल्यांदा मी कापसाचं विचारलं. दुसऱ्यांदाही कापसाचंच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, दादा, कापूस निघून दोन महिने झाले. मी म्हटलं, मग तुरीचं काय, आणि ठेवून दिला. सुधारलेला श्लोक सोबत जोडणार होतो. कोणावर, किती, कुणाच्या देखरेखीत, कुणी करू नये, हे सगळं घातल्यावर एकतीस ओळी झाल्या आणि वृत्त उरलं नाही. भैरवीने तो न खोडता परत दिला. तुम्ही कृपा करून पाठ करू नका.

ता. क. ३ — पाकीट बंद करत होतो, तर दार वाजायला लागलं. म्हणजे वाजत नाही, कुणीतरी लाथा मारून राहिलं आहे. खिडकीतून पाहिलं आणि माझे हातपाय गळाले. (जे चालत होते तेही.) उत्तरा आहे. एकटी. हिंगणघाटच्या बसने आलेली, पदराला धूळ. डावा हात तुमच्या माकडटोपीत, कोपरापर्यंत, वर तीन गाठी. सांधलेल्या हातात भली मोठी पिशवी, आणि तो मनगटापाशी सुजलेला मला इथून दिसतो आहे. मला वाटलं, शिव्या घालायला आली. घालाव्यात, मी उभा राहून घेईन. पण ती ओरडून राहिली आहे, “दादा! तीन-तीनदा फोन करून कापसाचं इचारते, तुले झालं तरी काय गा? बरा हायेस ना? दार उघड!” जावईबापू, ती माझ्या काळजीने आली आहे. घरात दुसरं कुणी नाही. पावणेपाच वाजले आहेत, डावा हात सहापर्यंत मोज्यात, आणि दाराची कडी अगदी वरची. उजवा हात आजवर तिथं पोचलेला नाही. उठतो. आज पोचावंच लागेल त्याला.